कचरा जाळणाऱ्या बॉयलरमध्ये सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या इतक्या झपाट्याने का झिजतात?

बॉयलरमन: वाफ 400 अंश, दाब 40 बार. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये याहून गरम वाफेला नळ्या वर्षानुवर्षं टिकतात. इथे शटडाउनला जाडी मोजली, तर पहिल्या रांगेतल्या नळ्या धुराकडे तोंड असलेल्या बाजूने निम्म्या झालेल्या. राखेचा पापुद्रा उचकटला की खाली पिवळट-तपकिरी थर दिसतो, आणि तो हवेत ठेवला की तासाभरात ओला होतो. साहेब म्हणतात, 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या टाकू. टाकावं का?

धातुवेडा: नका टाकू! तो ओला होणारा थर म्हणजे लोखंडाचं क्लोराइड, हवेतलं पाणी ओढून घेतं. खरा चोर क्लोरीन आहे, आणि तो संपतच नाही. कचऱ्यातल्या पीव्हीसी प्लास्टिकमधून आणि मिठातून तो येतो, राखेच्या थराखाली लोखंडाला भिडतो. झालेलं क्लोराइड वाफ होऊन बाहेर सरकतं, तिथे ऑक्सिजन भेटला की त्याचं ऑक्साइड होतं आणि क्लोरीन मोकळा होऊन परत आत जातो. तोच क्लोरीन पुन्हा पुन्हा धातू खातो. म्हणून आपल्याकडचा ऑक्साइडचा थर सच्छिद्र, पापुद्र्यांचा असतो, राखण करत नाही.

स्टेनलेसची सगळी भिस्त क्रोमियम ऑक्साइडवर. राखेतलं पोटॅशियम क्लोराइड त्यालाच धरून क्रोमेट करतं, मग उरलं काय? शिवाय बंद काळात थर ओला झाला की 316 ला तडे जायची भीती वेगळीच.

राखोंडी: राखेतलं जस्त आणि शिसंही बघा. जस्ताचं क्लोराइड पोटॅशियमच्या क्लोराइडात मिसळलं की 250 अंशांच्या आसपासच वितळतं. नळीवर द्रव मीठ बसलं की झीज भलतीच वाढते. राखेचा नमुना तपासून घ्या.

बॉयलरमन: मग नळीवर इन्कोनेल 625 या निकेलच्या मिश्रधातूचा थर वेल्डिंगने चढवला (ओव्हरले) तर?

धातुवेडा: हो, निकेलचं क्लोराइड लोखंडाएवढं सहज उडत नाही. पण वेल्डर घाईत असला तर खालचं लोखंड वितळून वरच्या थरात मिसळतं आणि महागडं निकेल वाया जातं. काम ताब्यात घेताना पीएमआय गनने (धातूत काय किती आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) पृष्ठभागावरचं लोखंड मोजाच, नुसती जाडी बघून सही करू नका. आणि सुपरहीटरच्या आधी धुराचं तापमान 650 च्या खाली ठेवता येतंय का, ते पहिल्यांदा पाहा. पहिल्या पासच्या (भट्टीतून निघालेल्या धुराच्या पहिल्या मार्गाच्या) भिंतींवर राख साठली की हे तापमान हमखास चढतं.