एप्रिल 2021: पहिली ते सातवीच्या शाळेचे वर्ष बंद करायचे आहे. श्रेणी, वर्गोन्नत शेरा, तांदूळ, दाखले

वाडीची_शाळा

नमस्कार. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा आहे. पट 83 (पहिली ते पाचवी 58, सहावी-सातवी 25), शिक्षक चार. त्यांपैकी एक कोविड केअर सेंटरवर, एक चेकपोस्टवर. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना पुढच्या वर्गात घालायचा निर्णय 3 एप्रिलला झाला, पण तेवढ्याने निकालपत्रक भरत नाही.

पहिली ते चौथीचे वर्ग वर्षभरात एकदाही भरले नाहीत. पाचवी ते सातवी 27 जानेवारीला सुरू झाले आणि काही आठवड्यांत पुन्हा बंद पडले. साधारण निम्म्या घरांत स्मार्टफोन आहे. त्या मुलांचे अभ्यासमालेचे आणि स्वाध्यायचे (शासनाने मोबाइलवर पाठवलेला अभ्यास आणि प्रश्न) काम व्हॉट्सॲपवर आलेले आहे. उरलेल्यांपैकी काहींच्या वह्या भरल्यात, काहींचे हाती काहीच नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली नऊ मुले याच आठवड्यात परत आली.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. श्रेणी कोणाला द्यायची, कोणाला नुसता वर्गोन्नत (पुढच्या वर्गात घातले) असा शेरा? शालेय पोषण आहाराचा 44 दिवसांचा तांदूळ वाटायचा राहिलाय, 22 तारखेपासून निर्बंध आणखी कडक झालेत, तर गर्दी न होता वाटप कसे करावे? आणि सातवीच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले: आत्ताच तयार करून ठेवावेत का?

---

खडू_फळा

मॅडम, आधी मुलांचे तीन गठ्ठे करा. वर्गवार नव्हे, कोणाचे किती काम हातात आहे त्यावरून.

ज्यांचे आकारिक (वर्षभराच्या कामावरून होणारे) आणि संकलित (सत्राअखेरच्या चाचणीचे) मूल्यमापन दोन्ही झाले, त्यांचे नेहमीसारखे. तुमच्याकडे यात बहुधा कोणीच नसेल. ज्यांचे फक्त आकारिक झाले, त्यांचे गुण शंभरात रूपांतरित करून श्रेणी. ज्यांचे काहीच करता आले नाही, त्यांच्या प्रगतिपत्रकावर श्रेणी न देता "आरटीई ॲक्ट 2009 कलम 16 नुसार वर्गोन्नत" एवढा शेरा (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा). एकाच वर्गात दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यातली मुले असली तरी हरकत नाही. सगळा वर्ग एकसारखा दिसावा म्हणून कोणालाही इकडून तिकडे ढकलू नका.

आता रूपांतर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आकारिकचा भारांश (शंभरातला वाटा) पहिली-दुसरीला 70, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50, सातवी-आठवीला 40. तिसरीतल्या मुलाला गणितात 60 पैकी 47 असतील तर 47 भागिले 60 गुणिले 100, म्हणजे 78.33, श्रेणी ब-1. सातवीत 40 पैकी 31 म्हणजे 77.5, तीही ब-1.

पण दरवर्षीची तयार एक्सेल शीट वापरलीत तर तिच्यात संकलितचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला की शीट तिथे शून्य धरते आणि बेरीज शंभरापैकीच मोजते. मग तिसरीच्या त्या मुलाचे 47 तसेच राहतात आणि क-2 छापून येते. सातवीच्या मुलाला 31 म्हणून थेट इ-1. त्याच्या आईच्या हातात तोच कागद पडतो. म्हणून शीटमधला संकलितचा रकाना काढून टाका, छेद स्वतः घाला, आणि छापण्याआधी प्रत्येक वर्गातली दोन मुले वहीवर हाताने काढून पडताळा.

आणखी एक. पाचवीच्या आकारिकच्या काही साधनांचे (तोंडी काम, चाचणी, प्रकल्प वगैरे) काम वर्ग बंद पडल्यामुळे अर्धवट राहिले असेल. 50 पैकी 30 गुणांचीच साधने झाली आणि मुलाला 21 मिळाले, तर छेद 30 घ्या. 70 टक्के, ब-2. छेद 50 धरलात तर 42 येतात आणि न घेतलेल्या चाचणीचे गुण मुलाच्या खात्यातून कापले जातात. शिवाय यंदा 25 टक्के पाठ्यक्रम वगळलेला होता. त्या घटकांवरचा एखादा प्रश्न चुकून चाचणीत गेला असेल तर तोही छेदातून काढा.

---

सरळ_रेषा

एवढे कशाला करता? ज्यांचे काम नाही त्यांना मागच्या वर्षीच्या श्रेणी जशाच्या तशा लावा. पालकांनाही बरे वाटते, शेरा बघून उगाच घाबरतात.

---

खडू_फळा

नका करू, सर. मागच्या वर्षीही मार्चच्या मध्यातच शाळा बंद झाल्या होत्या, दुसऱ्या सत्राचे संकलित तेव्हाही झाले नव्हते. ती श्रेणी मुळात अपुऱ्या वर्षाची. ती उचलून यंदा लावली की दोन वर्षांत हे मूल कुठे थांबले ते कागदावरून कधीच कळणार नाही. जूनमध्ये त्याच्या वर्गात नवे शिक्षक आले तर ब-1 बघून थेट पुढचा धडा सुरू करतील. दुसरीची पोरगी, जिने शाळेची पायरी फक्त पहिलीत चढली, तिला तिसरीचे पुस्तक हातात मिळेल.

पालक घाबरतात हे खरे आहे. त्यासाठी शेऱ्याखाली एक ओळ लिहा: शाळा प्रत्यक्ष भरू शकली नाही म्हणून मूल्यमापन झाले नाही, पाल्य पुढच्या वर्गात गेला आहे. उपस्थितीच्या रकान्यातही पहिली ते चौथीला शून्य लिहू नये असे माझे मत आहे. शून्य म्हणजे वर्ग भरला आणि मूल आले नाही असा अर्थ निघतो. "वर्ग प्रत्यक्ष भरले नाहीत" असे लिहून केंद्रप्रमुखांना दाखवून घ्या.

---

पाटी_पेन्सिल

वर श्रेणीचे आले आहे, मी वर्णनात्मक नोंदींबद्दल लिहिते. यंदा श्रेणीपेक्षा त्याच जास्त उपयोगी पडतील. आपण सवयीने "चांगली प्रगती", "अभ्यासात सातत्य हवे" असे लिहून मोकळे होतो. यंदा तिन्ही रकाने (विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक) नेमके भरा.

दुसरीच्या मुलासाठी उदाहरण: "काना, मात्रा, वेलांटीचे शब्द वाचतो. जोडाक्षरापाशी थांबतो. दोन अंकी बेरीज बिनहातच्याची बरोबर, हातच्याची असली की हातचा मिळवायचा विसरतो." पुढच्या शिक्षकांना एवढे पुरते. कुठून सुरू करायचे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळते.

हे कळायला मूल समोर हवेच असे नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना दहा मिनिटे फोन करा. भाषेच्या पुस्तकातला मधला एखादा पान क्रमांक सांगा आणि मुलाला मोठ्याने वाचायला लावा. पहिला धडा नको, तो पाठ असतो. मग 37 अधिक 25 वहीत मांडून उत्तर सांगायला लावा. 52 म्हणाला तर हातचा राहिलाय. 512 म्हणाला तर स्थानिक किंमतच पक्की नाही, आणि ती वेगळी अडचण आहे, वेगळी लिहायची. पालक शेजारी कुजबुजत असतील तर ऐकू येते. त्यांना रागावू नका, दुसरे उदाहरण द्या.

फोनच नाही त्यांच्याबाबत: तांदळाच्या दिवशी पालक येणारच आहेत, तेव्हा पिशवीसोबत मुलाच्या वह्या आणायला सांगा. वही तपासताना अक्षर बघा. एका पानावर वळणदार, बिनचूक अक्षर आणि पुढच्या पानावर ओळीबाहेर जाणारे, असे असेल तर पहिले पान थोरल्या भावंडाचे. ते मोजू नका. दुसरे मोजा, आणि ते चुकांनी भरलेले असले तरी आकारिकला चालते. ज्या वहीत खरोखर काहीच नाही तिथे ओढूनताणून गुण घालू नका, ते मूल तिसऱ्या गठ्ठ्यात.

ऊसतोडीहून आलेल्या नऊ मुलांना आत्ताच वर्गोन्नतच्या गठ्ठ्यात टाकू नका. जाताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाने तिकडच्या शाळेत दाखवायचे कार्ड) दिले होते का ते बघा. दिले असेल तर तिकडच्या शाळेने त्यावर काही लिहिलेय का ते वाचा. यंदा तिकडचेही वर्ग बंदच होते म्हणून कार्ड कोरे असण्याची शक्यता जास्त. पण एखादे पाचवी-सहावीचे मूल फेब्रुवारीत तिकडे बसले असेल तर ती नोंद आकारिकला धरता येते. कार्ड हरवले असेल तर गाव आणि कारखाना विचारून तिकडच्या शाळेला फोन लावणे एवढाच मार्ग आहे.

---

साठा_नोंदवही

तांदळाचे मी सांगतो. पहिली ते पाचवी रोज 100 ग्रॅम, सहावी-सातवी 150 ग्रॅम. 44 दिवसांचे धाकट्यांना 4.4 किलो, मोठ्यांना 6.6 किलो. तुमच्या पटावर 58 मुलांचे 255.2 आणि 25 मुलांचे 165, एकूण 420.2 किलो. म्हणजे आठ गोण्या पूर्ण आणि नववी फोडावी लागेल.

गोणीवर 50 छापलेले असते, ते धरून चालू नका. उतरवून घेतानाच प्रत्येक गोणी काट्यावर ठेवा आणि रिकाम्या बारदानाचे वजन वजा करा. ते अर्ध्या किलोच्या वर भरते. नऊ गोण्यांमागे पाच किलोच्या आसपास फरक तिथेच पडतो, आणि तो शेवटच्या मुलाच्या वाट्यातून जातो. तूट दिसली तर पावतीवरच लिहून पुरवठादाराच्या माणसाची सही घ्या. नंतर सांगून काही होत नाही.

दुसरी गळती मापताना. डब्याने मापून द्यायला गेलात की दर पिशवीला मूठभर जास्त जाते. 25 ग्रॅम धरले तरी 83 पिशव्यांना दोन किलोच्या वर. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवी ठेवून आकडा शून्य करा, मग भरा. काट्याखाली स्वच्छ चादर अंथरा.

गर्दीचे: वाटप करताना मापायचेच नाही. दोन दिवस आधी पिशव्या मागवून घ्या, नाव आणि इयत्ता लिहिलेल्या. आदल्या दिवशी दोघांनी बसून सगळ्या भरून बाकांवर वस्तीवार लावून ठेवा. वाटपाच्या दिवशी फक्त उचलायचे. अर्ध्या तासाला दहा घरे, वेळ ठरवून. 83 मुले म्हणजे 83 घरे नव्हेत. भावंडे एकत्र धरली की घरे बरीच कमी होतात. एका घरातून एकच माणूस येईल, पण नोंदवहीत सही प्रत्येक मुलाच्या नावापुढे वेगळी घ्या. एकाच सहीवर तीन मुले दाखवली की तपासणीत दोन मुलांचा तांदूळ अमान्य होतो.

सहीसाठी पेन घरून आणायला सांगा. अंगठ्याचे पॅड यंदा नको. ज्यांना सही येत नाही त्यांच्यापुढे व्यवस्थापन समितीच्या सदस्याने "समक्ष दिले" लिहून स्वतः सही करावी. ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना तारीख-वेळ आधी लेखी कळवा, म्हणजे येणाऱ्या पालकांना रस्त्यात कोणी अडवणार नाही. एखादे घर विलगीकरणात असेल तर त्यांची पिशवी बाजूला, दरवाजापर्यंत पोहोचवून आशाताईंसमोर ठेवायची.

---

जनरल_रजिस्टर

दाखल्यांबद्दल. दाखला आत्ताच फाडू नका. आठवीच्या शाळेचे मागणीपत्र किंवा पालकांचा अर्ज आल्यावरच द्या. आधी तयार केले आणि मूल दुसऱ्याच शाळेत गेले की रद्द करण्याचा खटाटोप होतो. सरलवरही (विद्यार्थी नोंदीची शासनाची ऑनलाइन प्रणाली) बदलीची विनंती नव्या शाळेकडून येऊ दे, मग मान्य करा.

पण जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) मात्र याच आठवड्यात काढा. नाव, जन्मतारीख, जात यातली चूक मूल शाळेच्या पटावर असेपर्यंतच दुरुस्त होते, तीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने. शाळा सोडल्यावर सहसा होत नाही. सातवीच्या प्रत्येक मुलाची ओळ जन्म दाखल्याशी लावून बघा. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात सारखी आहे का, हे वेगळे तपासा. अंकात 2008 आणि अक्षरात "दोन हजार सात" असे सापडते. आईचे नाव बघा. आधारवर आडनाव वेगळे छापले आहे म्हणून रजिस्टरमध्ये खाडाखोड मात्र अजिबात करू नका. आधार नंतर दुरुस्त होते, रजिस्टरातली खाडाखोड आयुष्यभर मागे लागते.

काही सापडले तर प्रस्तावासाठी पालकांच्या सह्या लागतील. त्या तांदळाच्या दिवशीच घ्या. कार्यालयांत सध्या 15 टक्के उपस्थिती आहे, त्यामुळे प्रस्ताव आत्ता जमा करून पोच घेऊन ठेवा.

---

वाडीची_शाळा

सगळ्यांचे आभार. एक्सेलचे वाचून लगेच शीट उघडली, सहावीच्या पूर्ण वर्गाला क-2 आणि ड आले होते. रकाना काढला. पिशव्या मागवायचा निरोप आजच देते, सोबत वह्याही. एक राहिले: पाठ्यपुस्तके परत घ्यायची आहेत, तीही त्याच दिवशी घ्यावीत का?

---

पाटी_पेन्सिल

घ्या, पण सगळी नको. पहिली ते चौथीची भाषा आणि गणिताची पुस्तके सुट्टीत मुलांकडेच राहू द्या. 1 मे ते 13 जून सुट्टी आहे (विदर्भात शाळा 28 जूनला), आणि फोन नसलेल्या घरात वाचायला दुसरे काही नसते. ती जूनमध्ये परत घेता येतील, यादीत "मुलाकडे" असे लिहा. बाकीची घेतली की इयत्तावार गठ्ठे बांधून तीन दिवस कोणी हात न लावता बाजूच्या खोलीत ठेवा. गठ्ठे भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको. बाकांवर ठेवा, नाहीतर सुट्टीत वाळवी लागते.