जुन्या गाडीच्या सीटच्या रेल : खोलणे, साफ करणे, ग्रीस लावणे – तुमचे अनुभव लिहा

सीट सरकवायला पाय रोवून जोर लावावा लागतो, सरकलीच तर एक बाजू आधी आणि दुसरी मागाहून, आणि लॉक नीट बसलं की नाही याची खात्री नसते. जुन्या गाड्यांमध्ये हे सर्रास आढळतं. गाडी चालवताना सीट अचानक मागे गेली तर ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही, म्हणून याकडे काणाडोळा करू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी सीट बाहेर काढून रेल साफ केल्या आहेत त्यांनी आत काय सापडलं, काय लावलं आणि काय टिकलं ते जरूर लिहा. सुरुवात मी करतो.

आमच्या घरात गाडी चालवणाऱ्या दोघांच्या उंचीत बराच फरक आहे, त्यामुळे सीट रोज पुढेमागे व्हायची. तरीही ती कडक झाली. सीट चार बोल्टवर बसते. पुढचे दोन काढायला ती पूर्ण मागे न्यावी लागते, मागचे दोन काढायला पूर्ण पुढे. म्हणजे जी सीट सरकत नाही तीच आधी सरकवायची! रेलच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी सीटवर न बसता, लॉक सोडवणारा दांडा ओढून धरून थोडी थोडी हलवत राहिलो. सुटली.

सीट उलटी केल्यावर कारण दिसलं. कारखान्यातलं ग्रीस संपलेलं नव्हतं, जागेवरच होतं. पण त्यात वाळू, केस आणि कार्पेटचे तंतू मिसळून घट्ट लेप झाला होता. रेल ज्यांवर सरकते ते गोल छर्रे त्यात फिरत नव्हते, घासत होते. लाकडी काडीने लेप खरवडला, दात घासायचा जुना ब्रश आणि रॉकेलचं फडकं फिरवलं, मग सगळं कोरडं पुसलं. यातच सगळा वेळ जातो. पांढरं लिथियम ग्रीस लावणं हे शेवटचं आणि सोपं काम. छर्रे ज्या पन्हळीतून धावतात तिथे पातळ थर पुरतो. जास्त लावलं तर बाहेर आलेलं ग्रीस पुन्हा धूळच गोळा करतं.

—

एक महत्त्वाची भर. सीटच्या कडेला एअरबॅग असेल किंवा बेल्टच्या बकलमध्ये प्रीटेन्शनर (धडक बसताच बेल्ट आवळणारा भाग) असेल, तर सीटखाली बहुधा पिवळा कनेक्टर दिसतो. तो काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. कनेक्टर सुटलेला असताना चावी ऑन करू नका. नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला बऱ्याचदा स्कॅनरच (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) लावावा लागतो.

—

मी वरची आणि खालची रेल वेगळी केली, कारण एका बाजूला काहीतरी कडक अडकलेलं जाणवत होतं. बाहेर काढताना रेल कापडावर धरली, त्यामुळे सुटे झालेले छर्रे हरवले नाहीत. त्यांना जागेवर धरणारी जाळी कोणत्या तोंडाने बसते याचे फोटो आधीच काढले होते. लॉकची स्प्रिंग ताणलेली असते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

पण माझ्या दुसऱ्या गाडीत रेलची टोकं रिवेटने बंद केलेली आहेत. ती मी उघडली नाही आणि कोणी उघडू नये. बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बकल सीटलाच जोडलेलं असतं. धडक बसली की माणसाचा भार त्याच रेलवर येतो. रिवेट कापून पुन्हा ठोकलेली रेल तो भार पेलेल याची हमी कोण देणार? अशी रेल न उघडता, दोन्ही टोकांना सरकवून फटींमधून साफ करता येते. तरीही अडली तर बदलावी.

—

माझ्याकडे गाडी आली तेव्हा आधीच्या मालकाने रेलवर नुसताच स्प्रे मारलेला होता. तेल कार्पेटवर ओघळलेलं, आत ग्रीसचा मागमूस नाही, पन्हळीत तांबडा गंज. पातळ स्प्रे जाम सुटायला चांगला, पण तो उडून जातो आणि जाताना उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो. मी गंज बारीक पॉलिश पेपरने काढला आणि मग ग्रीस भरलं. सीट आता एका बोटाने सरकते.

—

आमच्या गाडीत छर्रे नाहीत, प्लास्टिकचे सरकते तुकडे आहेत. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं. रॉकेल प्लास्टिकजवळ आणलं नाही. करकर पूर्ण थांबली.

—

विजेवर चालणारी सीट तिरकी होत असेल तर आधी रेलला दोष देऊ नका. काही गाड्यांत एकाच मोटरमधून लवचिक केबल दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या दांड्यांना फिरवते. एका बाजूची केबल निसटली की ती बाजू जागेवरच राहते आणि सीट तिरपी अडकते. आमच्याकडे केबल पुन्हा बसवली, दोन्ही बाजू एका रेषेत आणल्या आणि आट्यांना ग्रीस दिलं.

—

परत बसवण्याबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नाही. चारही बोल्ट आधी हाताने लावा, सीट पुढून मागे पूर्ण सरकवून पाहा, म्हणजे दोन्ही रेल समांतर बसतात. एक बोल्ट आधीच करकचून आवळला तर साफ केलेली रेलसुद्धा अडते. मग मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणारा पाना) आवळा. लॉकच्या दातांवर घट्ट ग्रीस थापू नका. खाचेत धूळ बसते आणि लॉक अर्धवट शिरतं. शेवटी प्रत्येक खाचेवर सीट थांबवून अंगाच्या जोराने पुढेमागे रेटून पाहा. दोन्ही बाजूंची लॉक एकदम बसली पाहिजेत. एक बाजू मागे राहत असेल तर दांड्यापासून त्या लॉकपर्यंत जाणारी तार तपासा, आणि ते सुटेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.