‘मायक्रो-डॉप्लर सिग्नेचर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: गाड्यांमधल्या रडारवर लेख लिहितेय. समोर माणूस चालतोय की गाडी येतेय, हे रडार हालचालीवरून ओळखतं. त्या नमुन्याला ‘सूक्ष्म डॉप्लर स्वाक्षरी’ म्हणावं का? कानाला खटकतंय.

प्रतिसाद: खटकतंय ते बरोबरच आहे, ताई. स्वाक्षरी आपण जाणूनबुजून करतो. चालणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं.

‘सूक्ष्म’ही टाळा. रडारला काय दिसतं ते बघा. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारकडे एखादी वस्तू सेकंदाला १ मीटर वेगाने सरळ येत असेल, तर परतणाऱ्या लहरीची वारंवारता साधारण ५१३ हर्ट्झने वाढते. हालचालीमुळे होणारा हा बदल म्हणजेच डॉप्लर. माणूस चालत आला की वेळेनुसार हा बदल दाखवणाऱ्या आलेखावर धडाचा एक जाड, किंचित नागमोडी पट्टा उमटतो. पाय मात्र एकदा जमिनीवर टेकून थांबतो आणि मग झपकन पुढे येतो. तेव्हा त्याचा वेग धडाच्या सुमारे तिपटीपर्यंत जातो. म्हणून पट्ट्याच्या वर दर पावलागणिक एक टोक दिसतं, डावं-उजवं आळीपाळीने. म्हणजे ज्याला ‘मायक्रो’ म्हणतात ते डॉप्लर मुख्य डॉप्लरपेक्षा मोठंसुद्धा असतं! इथे मुद्दा आकाराचा नाहीच, अवयवांच्या वेगळ्या गतींचा आहे.

चाकाचं तर फारच सुंदर आहे. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथ्याचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. गाडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर चाकाच्या वेगांचा पसारा ताशी ० ते ८० पर्यंत. पावलासारखी सुटी टोकं नाहीत, सलग पसारा. रणगाड्याच्या पट्ट्याचंही तेच: खालचा भाग स्थिर, वरचा दुप्पट वेगाने.

मी ‘चालखूण’ सुचवेन.

दुसरा प्रतिसाद: ‘चाहूल’ का नको? सैन्याच्या टेहळणी रडारवर हा डॉप्लर हेडफोनमध्ये ऐकतात. आपल्या डीआरडीओच्या बीएफएसआर-एसआर रडारवरही ती सोय आहे. सरावलेला कान माणूस कुठला, गाडी कुठली ते आवाजावरून सांगतो. आपल्याकडे दारात कोणी आलं की चाहूल लागते, तीही कानालाच.

प्रतिसाद: शब्द गोड आहे, आणि ऐकण्याच्या संदर्भात चपखलही. पण चाहूल लागली की कोणीतरी येतंय एवढंच कळतं. ‘कोण’ ते खुणेवरून ठरतं. दोन्ही वापरा: ‘रडारला चाहूल लागली, चालखुणेवरून सायकल ओळखू आली.’ सायकलस्वारात पायडलवरचे पाय आणि चाकं दोन्ही दिसतात, तेव्हा उदाहरण म्हणून तोच घ्या.

एक सांभाळा. शालेय विज्ञानात ‘चाल’ म्हणजे दिशेविना गती. रडार मोजतं तो त्याच्या दिशेने येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग. समोरून आडवा रस्ता ओलांडणाऱ्याची चालखूण म्हणूनच आक्रसते. लेखात मोजमाप सांगताना ‘वेग’च लिहा.