दुसऱ्या रीजनचे गेम चालवायला जुना कन्सोल उघडावा का?

पिक्सेलकण (धागाकर्ता)

युरोपीय सुपर निन्टेंडोवर जपानी कार्ट्रिज कसे चालवायचे, असे कोणी विचारले की ठरलेला सल्ला मिळतो: कन्सोल उघडा, लॉक चिपची (परदेशी कार्ट्रिज अडवणारी चिप) चौथी पिन उचलून ग्राउंडला जोडा, दोन स्विच बसवा. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. तीस वर्षे टिकलेल्या मदरबोर्डला गरज नसताना हात लावू नये. गेम ज्या रीजनचा (जपान, अमेरिका किंवा युरोप), कन्सोलही त्याच रीजनचा घ्यावा.

‘रीजन लॉक’ हे नाव एक असले तरी प्रत्येक कन्सोलवर अडवणारी गोष्ट वेगळी असते. अमेरिकन सुपर निन्टेंडो आणि त्याचा जपानी अवतार सुपर फॅमिकॉम यांच्या लॉक चिप एकमेकींना ओळखतात. जपानी कार्ट्रिज अडते ते खाचेतल्या प्लास्टिकच्या दोन खुंटांवर. एन६४ (निन्टेंडो ६४) वरही अमेरिकन आणि जपानी कार्ट्रिजमध्ये अडचण फक्त मागच्या आकाराची. गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्सला लॉकच नाही. पीसी इंजिन आणि टर्बोग्राफ्क्स-१६ यांच्यात आठ डेटा लाइनचा क्रम उलटा आहे, त्यामुळे जपानी ह्यूकार्ड (पातळ गेम-कार्ड) अमेरिकन यंत्रात बसते पण चालत नाही. क्रम सरळ करणारा कन्व्हर्टर लावला की चालते. यातल्या कशालाही मदरबोर्ड छेडावा लागत नाही.

खरा प्रश्न पॅल यंत्रांचा, म्हणजे युरोपच्या ५० हर्ट्झ टीव्ही पद्धतीच्या यंत्रांचा. ५० हर्ट्झवर एनटीएससी (अमेरिका-जपानच्या ६० हर्ट्झ पद्धतीचा) गेम सुमारे १७ टक्के संथ चालतो, म्हणून लोक ६० हर्ट्झचा स्विच बसवतात. पण स्विचने कन्सोल जपानी होत नाही, कारण आतला क्रिस्टल (यंत्राचा वेग ठरवणारे घड्याळ) पॅलचाच राहतो. एनटीएससी सुपर निन्टेंडोचे मूळ घड्याळ २१.४७७ मेगाहर्ट्झ, पॅलचे २१.२८१. म्हणजे स्विच लावूनही सेकंदाला ६०.१ ऐवजी ५९.५५ फ्रेम. मदरबोर्ड कापून शेवटी हाती लागते ते ‘जवळपास बरोबर’. त्यापेक्षा सरळ सुपर फॅमिकॉम घ्या.

झाळकाम

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. हा फरक ०.९ टक्के होतो. सुपर निन्टेंडोच्या ऑडिओ चिपला स्वतःचा २४.५७६ मेगाहर्ट्झचा रेझोनेटर असतो, त्यामुळे सूर जागचा हलत नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर संगीत काढणारी एफएम चिप मूळ घड्याळावरच चालते, तिथे सूर सुमारे १६ सेंट उतरतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सहावा भाग. ज्याच्या कानाला तेही खटकते त्याने ड्युअल फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर बसवावा. तो ५० ला पॅलचे आणि ६० ला एनटीएससीचे घड्याळ देतो. मग ‘जवळपास’ उरत नाही.

आता मेगा ड्राइव्हचेच काम किती मोठे आहे ते पाहू. दोन ऑन-ऑन स्विच, ३० गेजची तार, फ्लक्स आणि बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न एवढे साहित्य. पहिल्या मॉडेलच्या बोर्डवर जेपी१-जेपी२ ही जंपरची (बोर्डवरच्या छोट्या जोडण्यांची) जोडी भाषेची आणि जेपी३-जेपी४ ही फ्रिक्वेन्सीची. प्रत्येक जोडीतला जो जंपर जोडलेला असेल तो तोडायचा. स्विचचा मधला पाय चिपकडे जाणाऱ्या बाजूला, उरलेले दोन पाय ५ व्होल्टला आणि ग्राउंडला. बोर्डच्या आवृत्त्या बदलतात, म्हणून डाग देण्याआधी कोणती बाजू कुठे जाते ते मल्टिमीटरने तपासायचेच. एक चूक वारंवार होते: जुना जंपर न तोडताच स्विच जोडला जातो. मग स्विच एका बाजूला गेला की ५ व्होल्ट थेट ग्राउंडला शॉर्ट.

यातून तिन्ही रीजन एकाच यंत्रात मिळतात. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज २’चे कार्ट्रिज लावून भाषेचा स्विच जपानीवर टाका, पडद्यावर ‘बेअर नकल २’ येते. नंतरच्या काळातले बरेच गेम हीच रीजन तपासून चालायला नकार देतात, त्यांच्यासाठी तर स्विचशिवाय गत्यंतर नाही.

आणि ‘सरळ सुपर फॅमिकॉम घ्या’ यात सरळ काय आहे? त्याचा मूळ ॲडॉप्टर १०० व्होल्टचा. २३० च्या बोर्डात घातला की जळाला. युरोपीय सुपर निन्टेंडोचा ॲडॉप्टर सुपर फॅमिकॉममध्ये बरोबर बसतो, पण तो देतो ९ व्होल्ट एसी आणि यंत्राला हवा डीसी. कन्सोल मारण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पिक्सेलकण

ॲडॉप्टरचा धोका मान्य, पण उपाय अगदी साधा आहे. सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिॲम्पिअर लागतो, टोकाचा मध्य ऋण. युरोपीय मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलचा ॲडॉप्टर ९ व्होल्ट डीसी, १.२ ॲम्पिअर, मध्य ऋण, आणि टोकही तेच. तोच लावा, फॅमिकॉमलाही चालतो. दुसऱ्या मॉडेलचा मात्र नको, त्याचा मध्य धन असतो.

चौथ्या पिनबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही. ‘सुपर मारिओ आरपीजी’सारख्या एसए-१ चिपच्या (कार्ट्रिजमधला जादा प्रोसेसर) कार्ट्रिजमध्ये लॉकची किल्ली त्या चिपच्याच पोटात असते आणि समोरून योग्य उत्तर मिळाल्याशिवाय ती चिप कामाला लागत नाही. कन्सोलची लॉक चिप गप्प केली की एसए-१ ही गप्प. म्हणजे पॅल यंत्रावर चौथी पिन उचलून ज्या गेमसाठी खटाटोप करायचा, नेमका तोच चालणार नाही.

२६२ ओळी

दोघेही यंत्राच्या आत अडकलात. निम्मे नुकसान बाहेरच्या केबलमुळे होते, आणि ते दोन्ही पक्षांचे होते.

पॅल सुपर निन्टेंडोच्या आरजीबी केबलमध्ये तिन्ही रंगांच्या लाइनवर ७५ ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला असतात. एनटीएससी यंत्राच्या केबलमध्ये त्याऐवजी २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. केबलची अदलाबदल केली की चित्राची पातळी बिघडते, पॅल यंत्रावर तर डोळ्यांवर येईल इतके भडक दिसते. ही झाली सौम्य चूक. खरी भीती तिसऱ्या पिनची: एनटीएससी यंत्रावर तिथे सिंक (चित्र जागेवर धरणारा संकेत) मिळतो, पॅल यंत्रावर १२ व्होल्ट. सुपर फॅमिकॉमसाठी बनवलेली सी-सिंकची केबल पॅल यंत्राला लावली, तर ते १२ व्होल्ट थेट मॉनिटरच्या सिंकच्या वाटेने आत शिरतात.

जपानी २१ पिनी आरजीबी आणि युरोपीय स्कार्ट यांचा प्लगही दिसायला एकच, जोडणी पूर्ण वेगळी. केबल कोणत्या पद्धतीची आहे याची खात्री झाल्याशिवाय ती लावूच नये.

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याशी मी निम्मा सहमत. ज्याच्या टीव्हीला ६० हर्ट्झ एनटीएससी रंगच कळत नाही, त्याला जपानी कन्सोल घेऊनही कंपोझिटवर (सगळे रंग एकाच तारेतून नेणारी जोडणी) कृष्णधवल चित्र दिसेल. आधी टीव्ही काय स्वीकारतो ते पाहा, मग कन्सोल ठरवा.

लेसरलेन्स

सगळी चर्चा कार्ट्रिजवर चालली आहे. सीडीवाल्या कन्सोलना हे तर्क लागू पडत नाहीत, तिथे मी ठामपणे झाळकाम यांच्या बाजूने.

प्लेस्टेशनची रीजन डिस्कच्या आतल्या भागातल्या ट्रॅकच्या नागमोडीत लिहिलेली असते: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. सीडी रायटरला ही नागमोड काढता येत नाही आणि ड्राइव्ह ती वाचल्याशिवाय पुढे जात नाही. मॉडचिप (बोर्डवर जादा बसवलेली चिप) तीच चार अक्षरे ड्राइव्हच्या कंट्रोलरला ऐकवत राहते. इथेच जुन्या चिप फसतात. उशिराचे काही गेम सुरू झाल्यावर तपासतात की अक्षरे अजून येत आहेत का, आणि येत असतील तर लाल पडदा दाखवून थांबतात. म्हणून बूट झाल्यावर गप्प बसणारी ‘स्टेल्थ’ चिपच घ्यावी. छोट्या पांढऱ्या पीएस वनचे युरोपीय मॉडेल, एससीपीएच-१०२, यात बायोसही (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) रीजन तपासते. तिथे बायोस पॅच करणारी चिप लागते, नाहीतर परदेशी डिस्क लोगोच्या पुढे सरकत नाही.

झाकण उघडे ठेवून फिरती डिस्क बदलण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. मोटर आणि डिस्क धरणारा भाग दोन्ही झिजतात.

पॅल प्लेस्टेशनवर एनटीएससी गेम कंपोझिटवर कृष्णधवल दिसतो, कारण रंगाची वारंवारता पॅलच्या घड्याळावरून काढली जाते आणि ६० हर्ट्झला ती चुकते. आरजीबी केबल लावा, रंग परत येतात. चिप खराब बसवली असे समजून लोक पुन्हा बोर्ड तापवतात, त्याची गरज नसते.

सेगाच्या सॅटर्नचे बघा. ‘ॲक्शन रिप्ले’ कार्ट्रिजमध्ये सुडो सॅटर्न काई हे सॉफ्टवेअर टाकले की रीजन ओलांडता येते, रॅमही मिळते. ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ला लागणारी ४ एमबी रॅम अशाच कार्ट्रिजमधून मिळते. पण ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ स्वतःचे रॉम कार्ट्रिज मागतो आणि सॅटर्नला खाच एकच. रॉम कार्ट्रिज लावले की रीजन ओलांडणारे कार्ट्रिज बाहेर. तिथे बोर्डवरचे रीजन जंपर बदलणे किंवा रीजन न तपासणारी बायोस बसवणे एवढेच उरते. जाता जाता: सॅटर्नच्या खाचेतला संपर्क कुप्रसिद्ध आहे, कार्ट्रिज ओळखले नाही तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसा, लगेच कार्ट्रिजला दोष देऊ नका.

पिक्सेलकण

सॅटर्नच्या उदाहरणावर माझ्याकडे प्रतिवाद आहे: जपानी सॅटर्न घेतला की रॉम कार्ट्रिज आणि डिस्क दोन्ही एका रीजनची, प्रश्नच मिटला. पण त्याचा पॉवर सप्लाय पोटात आणि १०० व्होल्टचा, त्यासाठी बाहेर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, हे मान्य करतो. प्लेस्टेशनबाबत मी माघार घेतो. तिथे लेसरच मरणपंथाला लागलेले असतात आणि दोन-दोन यंत्रे सांभाळणे अवघड आहे. कार्ट्रिजच्या यंत्रांबाबत मत बदललेले नाही. एसए-१ चे उत्तर अजून आलेले नाही.

झाळकाम

उत्तर आहे: सुपरसीआयसी. पीआयसी१६एफ६३० या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर बसणारा हा प्रोग्राम कन्सोलच्या लॉक चिपची जागा घेतो. चौथ्या पिनसारखा तो लॉक मुका करत नाही. कार्ट्रिजमधली किल्ली कोणत्या रीजनची आहे ते ओळखतो आणि तिच्याशी तिच्याच भाषेत बोलतो. म्हणून एसए-१ चालते. ५०/६० ही तोच सांभाळतो: पहिल्या पीपीयूची (चित्र काढणारी चिप) २४ वी आणि दुसऱ्याची ३० वी पिन बोर्डपासून सोडवून त्याच्याकडे न्यायची, ग्राउंड म्हणजे ६०, ५ व्होल्ट म्हणजे ५०. सुरुवातीचे काही सेकंद तो कार्ट्रिजच्या रीजनचा वेग देतो, म्हणजे ‘हे कार्ट्रिज या यंत्रासाठी नाही’ असे सांगणारी तपासणी पार पडते, मग तुम्ही निवडलेल्या वेगावर येतो. काही गेम मध्येच पुन्हा तपासतात, त्यांना शेवटपर्यंत मूळ रीजनवर ठेवावे.

पीपीयूच्या पिना उचलतानाच बहुतेक बोर्ड खराब होतात. पिना अगदी जवळजवळ असतात आणि सुईने ओढल्या तर चिपच्या पोटाशीच तुटतात, मग डाग द्यायला काही उरत नाही. भरपूर फ्लक्स, ३३० अंशांच्या आसपास सोल्डरिंग आयर्न, कथील पूर्ण वितळल्यावरच पातळ पात्याने हलका उठाव, आणि एका पिनला तीन सेकंदांहून जास्त उष्णता नाही. काढलेली मूळ लॉक चिप पिशवीत घालून कन्सोलच्या आतच चिकटवून ठेवा. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही.

पिक्सेलकण

सुपरसीआयसीने एसए-१ चा आक्षेप निकाली निघाला, ते वाक्य मागे घेतो. पण तुम्हीच सांगितलेले पिना तुटण्याचे कारण माझ्या बाजूने उभे आहे. ज्याने आधी निकामी बोर्डवर दहा-वीस पिना उचलून हात बसवला नाही, त्याने हे काम चालू कन्सोलवर करू नये, आणि अशांना मी आजही सुपर फॅमिकॉमच सुचवीन.

२६२ ओळी

आणि सुचवताना केबलची तिसरी पिन विसरू नका.