मदत हवी आहे: अकरावीत गणित सोडलं, आता सीयूईटी या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. मुलगी अकरावी कॉमर्सला, सीबीएसई. एप्रिलमध्ये तिने गणित सोडून फिजिकल एज्युकेशन घेतलं (मीही मान डोलावली, चूक माझीच) आणि आता बाईसाहेबांना दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचंय. त्याला सीयूईटीत गणित लागतंच, शिवाय दिल्ली विद्यापीठासाठी पेपर बारावीला असलेल्याच विषयांचे द्यायचे. म्हणजे नुसती शिकवणी लावून भागणार नाही.

शाळा म्हणते, आता विषय बदलता येणार नाही. कुणाच्या मुलांनी मध्येच बदललाय का? अर्ज कसा केला? की गणित सहावा, म्हणजे जादाचा विषय म्हणून घ्यावं?

दुसरा पर्याय घरचाच, इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ. तिथेही बऱ्याच कोर्सना सीयूईटीच. गणिताशिवाय काय चांगलं मिळेल? तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते की इथल्या भंवरकुआँ भागातले क्लास लावायचे? चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, त्याचीच तिला धास्ती.

आजोबांचा आग्रह, भाषेचा पेपर मराठीचा दे. पण हिची मराठी म्हणजे निम्मी इंदुरी हिंदी, ‘भिया’वाली! कुणी दिलाय का तो पेपर?