पुरंदर विमानतळ: मधली नऊ वर्षं कोणाच्या खात्यावर?

अंजीरबाग:
ऑक्टोबर २०१६ मध्ये पुरंदरच्या विमानतळाची घोषणा झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी अशी सात गावं. मग पर्यायी जागेचं निघालं, २०२१ मध्ये संरक्षण खात्याने त्या जागेला नकार दिला आणि पुन्हा आमच्याच गावांवर बोट आलं. २०२५ ला एमआयडीसीच्या कायद्याखाली संपादन सुरू झालं. मोबदल्यावर सगळे बोलतात, या मधल्या वर्षांचा हिशोब कोणी धरत नाही.

अंजिराची कलमं लावली की तिसऱ्या वर्षी कुठे नीट माल येतो. आज ना उद्या जाणाऱ्या रानात कोण लावणार? तांबेऱ्याने जुनी झाडं गेली, ती जागा तशीच राहिली. विहिरीचं खोलीकरण नाही, पाइपलाइन नाही. कर्जाला गेलो तर बँकेतल्या साहेबांनी उतारा नंतर पाहिला, आधी गाव विचारलं. सरकारने जागा जाहीर केली की दोन वर्षांत घ्यावी, नाहीतर लेखी सोडावी.

लोहगावकर:
दादा, उशीर फक्त सरकारमुळे झाला का? मोजणीला माणूस आला की गाव आडवं, ग्रामसभेचे ठराव विरोधात. पुण्याचं आताचं विमानतळ लोहगावला, तो तळ हवाई दलाचा आहे, तिथे वाढायला जागा नाही, पुण्याला दुसरा विमानतळ लागणारच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तिथे थेट खरेदीने भरपूर दर दिला आणि जमिनी मिळाल्या. शिवाय थांबल्यामुळे तुमच्याकडचे भाव वाढलेच ना?

अंजीरबाग:
भाव वाढले ते विकणाऱ्याला. बाहेरच्यांनी घोषणेनंतर गुंठ्यांनी घेऊन ठेवलं. कसणाऱ्याच्या हातात त्यातलं काय आलं?

पेणची खाडी:
मी उलट बाजूने बोलतो. आमच्याकडे रायगडात महामुंबई सेझ, म्हणजे उद्योगांसाठीचं विशेष आर्थिक क्षेत्र, रखडला म्हणूनच जमिनी वाचल्या. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सेझला जमीन द्यायची की नाही यावर जनमत घेतलं. १८९४ च्या कायद्यात जाहीरनाम्यानंतर दोन वर्षांत निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, करावा लागे. तो झाला नाही आणि संपादन बारगळलं. लढणाऱ्याला वेळ हाच आधार असतो. तुम्ही मुदत मागाल, सरकार त्याच मुदतीचं निमित्त करून पोलीस घेऊन येईल. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी तुमच्याच तालुक्यात दोन्हीकडची माणसं जखमी झाली, ते विसरू नका.

लोहगावकर:
पण जमिनी वाचून शेतात पाणी आलं का?

पेणची खाडी:
नाही आलं, हे खरं. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईसाठी सिडकोकडे जातं. तरी जमीन नावावर आहे म्हणून कालव्यासाठी भांडता तरी येतं.

चावडीवरचा:
मुदत कायद्यात आहेच. २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर १२ महिन्यांत अंतिम घोषणा झाली नाही तर अधिसूचना रद्द होते, आणि घोषणेनंतर १२ महिन्यांत निवाडा लागतो. अधिसूचना निघाली की खरेदी-विक्री, बोजा चढवणं बंद, म्हणून ही मुदत ठेवली. गोम दुसरीकडे आहे. मंत्र्यांच्या नुसत्या घोषणेला हे काहीच लागू होत नाही, आणि एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याने घेतलं की सामाजिक परिणामांचा अभ्यासही टळतो. गावाचं नुकसान त्या अभ्यासात तरी कागदावर आलं असतं. पेणकरांची भीती खरी आहे, पण मुदत सरकारवर हवी, शेतकऱ्याच्या सहीवर नको. सही द्यायला त्याला हवा तेवढा वेळ मिळावा.

अंजीरबाग:
हे पटलं. संमती घाईने नको, पण सरकारचा निर्णय लटकता नको. आता क्षेत्र सुमारे ७ हजार एकरांवरून ३ हजारांवर आणलंय. वगळलेल्यांचं काय? वगळलेल्या गटांची यादी चावडीवर लावा आणि प्रत्येक खातेदाराला सही-शिक्क्याचं पत्र द्या. पावसाच्या आत मिळालं तर या वर्षी कलमं लागतील.