किल्ल्यामागची बाग : अनुभव धागा

इंग्लंडमधील केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट नावाचा एक ‘किल्ला’ आहे. अवतरणचिन्हे घातली आहेत, कारण तेथे ना तटबंदी आहे ना बुरूज. सोळाव्या शतकातील एका मोठ्या वाड्याचा विटांचा उंच मनोरा आणि आजूबाजूला विखुरलेल्या काही इमारती एवढेच शिल्लक आहे. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात (१७५६ ते १७६३) येथे फ्रेंच कैद्यांना डांबून ठेवले होते आणि त्यांच्या तोंडच्या ‘शातो’ (फ्रेंचमध्ये किल्ला किंवा मोठा वाडा) या शब्दावरून या जागेला किल्ला हे नाव चिकटले, असे सांगतात. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरल्ड निकोलसन यांनी १९३० मध्ये ही पडीक जागा विकत घेतली. निकोलसन यांनी रेषा आखल्या, व्हिटा यांनी त्यांत झाडे भरली, आणि आज मनोऱ्यावरून खाली पाहिले की यू या सदाहरित झाडाच्या दाट कुंपणांनी आणि जुन्या भिंतींनी पाडलेल्या, छप्पर नसलेल्या खोल्या दिसतात. त्यांपैकी पांढऱ्या फुलांची खोली पाहण्यासाठी मी खास गेलो होतो. तिच्या मधल्या मांडवावर चढवलेला पांढरा गुलाब वर्षातून एकदाच, साधारण जुलैच्या सुरुवातीला फुलतो, हे मला शिडीवर उभ्या असलेल्या माळीणबाईंनी सांगितले. तेव्हा जुलै संपत आला होता आणि त्या वाळलेले झुबके कापून टोपलीत टाकत होत्या.

मनोरा कोणत्याही महिन्यात गेलो असतो तरी पाहायला मिळाला असता. बाग मात्र हुकली. माहितीपत्रके राजाराण्यांच्या हकिकती पानभर देतात आणि बागेची दोन ओळींत बोळवण करतात, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी युरोपातील गावाकडचे किल्ले आणि शातो त्यांच्या बागांसह पाहिले असतील, त्यांनी कोणत्या महिन्यात गेलात, किती चालावे लागले, बाग खरोखर किती जुनी निघाली आणि शेवटी मनात काय राहिले, हे सविस्तर लिहावे. शहरातील राजवाडे कृपया येथे नकोत. त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे.

* * *

बाग खरोखर किती जुनी, हा प्रश्न वाचला आणि फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील विलांद्री आठवले. आम्ही दोघे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी तेथे पोचलो. पहिल्या फ्रांस्वा राजाच्या दरबारातील ज्यां ल ब्रेतों या अधिकाऱ्याने हा शातो बांधवला आणि तो १५३६ च्या सुमारास पूर्ण झाला, एवढे वाचून गेलो होतो. जुन्या बुरुजाच्या गच्चीवरून खाली पाहिले तेव्हा भाजीपाल्याची बाग दिसली. नऊ मोठे चौरस, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि त्या नक्षीत फुलांऐवजी कोबी, बीट, भोपळे आणि लीक ही कांद्याच्या जातीची भाजी. वरून गालिचा वाटणाऱ्या त्या दृश्यात निळसर हिरवा पट्टा कसला आहे यावर आमची पैज लागली. खाली उतरून पाहिले तर ते लीक होते आणि पैज मी हरलो.

खाली उतरल्यावर दिसते ते निराळेच. वरून सरळ दिसणाऱ्या रेषा कशा सरळ राहतात, हे मी अर्धा तास उभा राहून पाहिले. एक माळी दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधत होता आणि मातीवर आडवी टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून एकेक रोप लावत होता, जेणेकरून ओल्या वाफ्यात पाऊल उमटू नये. वसंतात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, असे वर्षातून दोनदा हे नऊही चौरस नव्याने लावले जातात आणि जमीन थकू नये म्हणून पिकांच्या जागा बदलतात. पावसानंतर कोबीचा तो ओळखीचा उग्र वास सगळीकडे भरून राहिला होता, आणि राजेशाही बागेत तो वास येतो याची मला गंमत वाटली.

धक्का पुढेच होता. सोळाव्या शतकातील म्हणून जी बाग मी डोळे भरून पाहिली, ती विसाव्या शतकातील आहे. एकोणिसाव्या शतकात येथील जुनी बाग मोडून इंग्रजी धाटणीचे, हिरवळ आणि मोकळी झाडे असलेले उद्यान केले गेले होते. १९०६ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेले डॉक्टर ज्वाशें कार्व्हालो आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी ॲन कोलमन यांनी शातो विकत घेतला, आणि कार्व्हालो यांनी वैद्यकीय संशोधन सोडून जुन्या प्रबोधनकालीन बागांच्या नमुन्यावर ही बाग पुन्हा उभी केली. प्रथम फसवणूक झाल्यासारखे वाटले. मग विचार केला, की वर्षातून दोनदा जी मुळापासून बदलते तिचे वय मोजायचे तरी कोठून? माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे. तिच्या मते तिकिटाच्या खिडकीवर हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

* * *

विलांद्रीपासून फार लांब नसलेल्या शनोंसो येथे मी आईला घेऊन गेले होते, त्यामुळे माझा अनुभव गुडघ्यांच्या दृष्टीने वाचावा. तूर शहरातून येणारी छोटी रेल्वे प्रवेशद्वाराच्या अगदी जवळ थांबते, हा मोठा दिलासा; मात्र गाड्या मोजक्याच असल्यामुळे परतीची वेळ आधीच टिपून ठेवावी. बागांतील वाटांवर बारीक खडी आहे. ती दिसायला सुरेख असते, पण चाकांची खुर्ची ढकलणाऱ्याच्या खांद्यांची परीक्षा पाहते.

शेर नदीवर पूल बांधून त्यावर दालन उभारलेला हा शातो दोन बायकांच्या वैराचा म्हणून ओळखला जातो. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी दियान द प्वातिए हिने पूल बांधवला. १५५९ मध्ये राजा वारल्यावर त्याची राणी कातरीन द मेदिची हिने तिला येथून काढून शोमों शातो घ्यायला लावला आणि पुलावर सुमारे साठ मीटर लांबीचे दालन चढवले. दोघींच्या नावाच्या बागा आजही शातोच्या दोन बाजूंना आहेत. दियानची बाग मोठी आहे आणि पुराचे पाणी आत शिरू नये म्हणून दगडी बांधावर उचलून घेतलेली आहे. आईने त्या बांधावरच्या बाकावर तासभर बसून नदी पाहिली आणि वैराच्या गोष्टीत तिला काडीचाही रस वाटला नाही. तिला आवडले ते प्रत्येक खोलीत ठेवलेले ताज्या फुलांचे भले मोठे गुच्छ. त्यांची फुले शातोच्याच आवारातील मळ्यात पिकवतात हे कळल्यावर तो मळा पाहिल्याशिवाय निघायचे नाही, असे तिने जाहीर केले, आणि आमची गाडी चुकली.

* * *

वेल्समधील पोविस किल्ल्याबद्दल मी बरेच दिवस लिहीन म्हणत होतो. तांबूस दगडाचा हा किल्ला वेल्शपूल या गावाजवळ टेकडीच्या कड्यावर आहे आणि त्याच्या पायथ्याशी सतराव्या शतकाच्या अखेरीस खोदलेले बागेचे टप्पे उतरत जातात. सिसिंगहर्स्ट आणि विलांद्री येथील बागा विसाव्या शतकातील निघाल्या. येथील यूची झाडे मात्र तीनशेहून अधिक वर्षांची आहेत. कधीकाळी ती लहान, नीटस शंकूंच्या आकारात कापलेली होती. पुढे अशा कापीव झाडांची फॅशन ओसरली, ती मोकळी वाढली आणि नंतर पुन्हा कात्री लागली तेव्हा त्यांनी ढगांसारखे ओबडधोबड, भिंतीवर ओथंबलेले आकार घेतले. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो तेव्हा पाळण्यासारख्या यांत्रिक शिडीत उभा राहून एक माणूस त्यांची छाटणी करत होता. खाली पडलेल्या कोवळ्या फांद्या दुसरा एक जण कापडावर गोळा करत होता, आणि दर काही मिनिटांनी दोघेही मागे सरकून, मान वाकडी करून, आकार बिघडला तर नाही ना, हे पाहत होते. या एका कामाला दरवर्षी कित्येक आठवडे लागतात.

टप्प्यांवरून सेव्हर्न नदीच्या खोऱ्यापलीकडच्या टेकड्यांपर्यंत नजर जाते. तेथून हलावेसे वाटत नव्हते, पण पाऊस आला आणि आम्ही किल्ल्यात शिरलो.

आत टिपू सुलतानाच्या वस्तू आहेत. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने १७८४ मध्ये या घराण्यातील हेन्रिएटा हर्बर्ट हिच्याशी लग्न केले, आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूचे सिंहासन तोडून त्याचे तुकडे वाटले गेले. त्यावरील सोन्याचे, हिरे-माणके जडवलेले वाघाचे एक मुंडके येथे काचेआड आहे. ते मुठीत मावेल एवढे आहे, हे पाहून मी चपापलो, कारण ऐकीव वर्णनांमुळे ते खूप मोठे असावे असे वाटत होते. त्याहूनही अस्वस्थ केले ते टिपूच्या तंबूने. पांढऱ्या सुती छिटावर कमानी, कमानीत फुलदाणी आणि फुलदाणीत लाल-गुलाबी फुलांचा भरगच्च गुच्छ, ही नक्षी पुन्हापुन्हा छापलेली. मोहिमेवर निघालेला राजा बाग सोबत घेऊन जात असे, असेच म्हणायला हवे. हा तंबू पुढे पोविसच्या मालकांनी बागेतील मेजवान्यांसाठी मांडव म्हणून वापरला. ज्या हिरवळीवर मी तासाभरापूर्वी निवांत बसलो होतो, त्या बागेत हा तंबू उभा राहत असे.

परतताना पुन्हा टप्प्यांवर गेलो. यू तेवढेच देखणे होते, पण माझे लक्ष लागेना.

* * *

वरील अनुभवानंतर हलके काही लिहिणे बरे दिसणार नाही, तरी थोडक्यात लिहिते. स्कॉटलंडमधील ड्रमंड किल्ल्याची इमारत पर्यटकांना आतून पाहता येत नाही, फक्त बाग खुली असते, त्यामुळे या धाग्याला ती चपखल बसते. बीच वृक्षांच्या सुमारे मैलभर लांब रस्त्याने जाऊन चौकात शिरेपर्यंत बागेचा मागमूस नसतो. मग कठड्याशी आलो की संत अँड्र्यूच्या फुलीच्या आकारात आखलेली सगळी बाग एकदम पायाखाली पसरलेली दिसते. मधोमध १६३० मधील अनेक तबकड्यांचे सूर्यघड्याळ आहे. एवढ्या तबकड्यांपैकी एकीवरही सावली नव्हती, कारण आभाळ दिवसभर गच्च होते. थांब्यावरचे वेळापत्रक मागच्या हंगामाचे निघाल्याने आम्हाला क्रीफ गावापर्यंत पावसात चालत जावे लागले. गावाकडच्या बसवर भरवसा ठेवण्यापूर्वी वेळा दोनदा तपासाव्यात, आणि किल्ल्याच्या कर्मचाऱ्यांनाही विचारावे.

* * *

मुले सोबत असतील तर केंटमधील हीव्हर किल्ला सुचवेन. खंदक, उचलता पूल आणि आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिचे बालपण, हा इतिहास मुलांना दहा मिनिटे पुरतो. त्यानंतर उपयोगी पडतो तो विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर. या अमेरिकन धनाढ्याने १९०३ मध्ये हीव्हर घेतले, इटलीत राजदूत असताना जमवलेले पुतळे मांडण्यासाठी इटालियन बाग केली आणि तिच्या टोकाशी आठशे मजुरांकडून ३८ एकरांचे तळे खोदवले. ते तळे नैसर्गिक नाही, हे माझ्या आठ वर्षांच्या मुलाला शेवटपर्यंत पटले नाही. यूच्या भुलभुलैयात आम्ही दोनदा हरवलो आणि पाण्याच्या भुलभुलैयात, जेथे चुकीच्या दगडावर पाय पडला की कारंजे उडते, तेथे मुले मुद्दाम चुकत राहिली. कोरड्या कपड्यांचा एक जोड न्यावा. हीव्हर स्थानकापासून शेतांच्या कडेने मैलभर चालावे लागते, आणि तेथे सहसा टॅक्सी उभी नसते.

* * *

सर्वांनी बागा वरून पाहिल्या आहेत. मी फ्रेंच उद्यानरचनाकार ल नोत्र यांची एक बाग चालून पाहिली, तिच्याविषयी लिहितो. पॅरिसच्या आग्नेयेला, मॅंसी गावाजवळ व्हो-ल-व्हिकोंत हा शातो आहे. अर्थमंत्री निकोला फूके याने वास्तुविशारद ले व्हो, चित्रकार ले ब्रं आणि ल नोत्र या तिघांकडून ते उभारून घेतले, १७ ऑगस्ट १६६१ रोजी चौदाव्या लुईला डोळे दिपवणारी मेजवानी दिली आणि तीन आठवड्यांच्या आत तो अटकेत गेला. मेजवानीमुळे राजा चिडला, ही गोष्ट लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात त्याला हटवण्याची तयारी त्याआधीच सुरू होती. तिघांनाही राजाने पुढे व्हर्सायला कामाला लावले.

वाड्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले की बाग आटोपशीर वाटते. समोर वाफे, मग तळी, त्यांना लागूनच कमानींची भिंत आणि मागच्या चढावर हर्क्युलिसचा सोनेरी पुतळा. पंधरा मिनिटांत जाऊन येऊ, असे मी सोबत्यांना सांगितले. चालू लागलो तशी बाग लांबत गेली. वाड्यापासून दूरची तळी जवळच्यांपेक्षा मोठी केलेली आहेत, त्यामुळे पायऱ्यांवरून ती जवळ भासतात. तळ्यांना चिकटलेली वाटणारी भिंत तर प्रत्यक्षात पलीकडच्या काठावर आहे, आणि मध्ये सुमारे एक किलोमीटर लांबीचा, वाड्यातून अजिबात न दिसणारा आडवा कालवा खोलगट जागी दडवलेला आहे. तो ओलांडायला पूल नाही. टोकापर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो. मी त्या काठावर उभा राहून मोठ्याने हसलो, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने मला सरळसरळ गंडवले होते.

हर्क्युलिसपाशी पोचायला पाऊण तास लागला. तेथून मागे वळून पाहिले तर वाडा हातावर ठेवता येईल एवढा दिसत होता. ऊन कलले होते, गवतात बसलो आणि वेळेचे भान राहिले नाही. परत आलो तेव्हा दालने बंद होऊन गेली होती आणि रेल्वे स्थानकाकडे जाणारी शेवटची बस सुटायच्या बेतात होती. व्हो-ल-व्हिकोंतचा वाडा आतून कसा आहे, हे मी अजून पाहिलेले नाही.